अजून सेटल होतोय

पुण्यामुंबईचा प्रयोगशील रंगकर्मी महिनाभराच्या रेसिडेन्सीला इंदापूर तालुक्यात उतरतो, तेव्हा त्याच्या सामानात कपड्यांपेक्षा चटया जास्त असतात. एक योगासनांची, एक ध्यानाची आणि एक नुसती जमिनीशी नातं जोडण्यासाठी. सोबत तांब्याची बाटली आणि कापडी बांधणीची वही. वहीचं पहिलं पान मुद्दाम कोरं सोडलेलं असतं. प्रक्रिया तिथूनच सुरू होते म्हणे.

मुक्काम एखाद्या बागायतदाराच्या शेतातल्या घरात. ते घर ज्यांचं, ते आबा सकाळी धारा काढून येता येता विचारतात, "काय पाव्हणं, कवा चालू करताय?"

"आबा, अजून सेटल होतोय."

हे त्याचं पालुपद. आधी कॉट पूर्वेला फिरवावी लागते. मग उसाची सळसळ 'फार नॅरेटिव्ह' वाटते, म्हणून खिडकी बंद होते. मग कोंडतं, म्हणून उघडते. तेवढ्यात शेताची लाईट रात्रपाळीला जाते. मध्यरात्री आबा बॅटरी घेऊन दारं धरायला निघतात, आणि नेमकं तेव्हाच पाहुण्याला सुचतं. तो काळ्या कपड्यांत बांधावरून चार पायांवर सरपटण्याचा सराव करू लागतो. सकाळी वस्तीभर बिबट्याची बातमी. शेळ्या दोन दिवस गोठ्यातून बाहेर निघत नाहीत. आबांनी सगळं पाहिलेलं असतं, पण पाहुण्याची अब्रू म्हणून ते बोलत नाहीत.

बारामतीकडच्या मुलखाला मुक्कामी कलावंत नवे नाहीत. पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीला आले आणि बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कायमचे राहिले. नाइकांचा वाडा कऱ्हेकाठी अजून उभा आहे. पंतांनी हजारो आर्या लिहिल्या, १०८ रामायणं रचल्याची ख्याती मिळवली. त्यातलं एक तर असं, की म्हणताना ओठाला ओठ लागू नये. सोलापूरचा रामजोशी हा लावणी-तमाशातला गडी, तोही पुढे पंतांच्या आर्या कीर्तनात रंगवू लागला. या काळातल्या तुमच्या आंतरिक प्रवासाचं पाचशे शब्दांत टिपण द्या, असं नाइकांनी पंतांना कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हटलं असतं, तर पंतांनी ते पाचशे आर्यांत दिलं असतं, ही भीती त्यांना असावी.

आमचा पाहुणा मात्र संशोधनाला निघतो. मोरगाव-सुप्यावरून दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला जातो. तिथल्या कलाकेंद्रांत संगीत बारीच्या पार्ट्या राहतात. दुपारी ढोलकीवाला शाई तपासतो, पेटीवाला सूर लावून बघतो, एखादी पोरगी आरशापुढे घुंगरांचे पट्टे गुंडाळत असते. संध्याकाळी एकेक पार्टी स्टेजवर आपली हजेरी लावते, नंतर मागणी असेल तशी बैठक. ही रेसिडेन्सी महिन्याची नाही. कित्येकींची अर्धी हयात त्यात जाते. गिऱ्हाईक आलं नाही तर त्या दिवसाची कमाई नाही, एवढीच त्यांची निवड समिती. पाहुणा मालकिणीला विचारतो, "तुमची प्रोसेस काय असते?" ती उलट विचारते, "तुम्ही काय वाजवता?"

"मी सध्या शांततेवर काम करतोय."

"मग इथं न्हाय जमायचं," असं म्हणून ती त्याला चहा पाजते. चहाचे पैसे घेत नाही. कलाकार कलाकाराकडून घेत नाहीत, हा तिथला रिवाज असावा. की आणखी काही कारण असेल, हे त्याच्या लक्षात येत नाही.

आषाढात आला तर त्याचे आणखी हाल. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्या रथाभोवती रिंगण घालतात. शेकडो मेंढ्या सहज गोल धरतात, आणि या गड्याला चार माणसांचा गोल जमवायला तीन वर्कशॉप लागलेली असतात. बेलवडीला अश्व धावतो, पखवाजवाले, तुळसवाल्या बाया, विणेकरी, सगळे पळतात. कालच वीस किलोमीटर चालून आलेली सत्तरीची म्हातारी आपल्याला मागे टाकून गेली, हे तो वहीत टिपतो. पण पहिलं पान सोडूनच.

थंडीत आला तर भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला जातो. ते लांबून येतात आणि उतरल्या उतरल्या चोच चिखलात घालून कामाला लागतात. तो हिरमुसून तिथली चिलापीची थाळी खातो आणि परत येतो.

शेवटच्या दिवशी 'शेअरिंग' असतं. अंगणात सतरंजी, आबा, शेजारची दोन घरं, उसतोडीच्या टोळीतली पोरं. पाहुणा तब्बल पंचवीस मिनिटं एका जागी उभा राहून हळूहळू वळतो. पोरं चिडीचूप. कुत्रं तेवढं एकदा भुंकतं. त्याचाही तो पुढे श्रेयनामावलीत उल्लेख करतो.

टाळ्या होतात. आबा बिडी विझवून जवळ येतात. "बरं झालं. याची सुपारी किती घेता? यात्रेला सांगावं म्हणतो."

पाहुणा समजावतो की यात सुपारी नसते, अनुदान असतं. राहायचं, जेवायचं, शोध घ्यायचा. काही झालंच पाहिजे, अशी अट नसते. पुढच्या रेसिडेन्सीचा अर्ज भरूनही झालाय.

आबा बराच वेळ हिशेब करतात. उसाला अठरा महिने पाणी द्यायचं, मग बिलाची वाट बघायची. त्या मानाने हे पीक बरं दिसतंय.

"आमच्या पुतण्याचाबी एक फारम भरा की मग," ते म्हणतात. "हलगी वाजवतोय. फकस्त एक अडचण हाय. त्यो आल्या आल्या वाजवाय लागतो. ते चालतंय का, तेवढं इचारून घ्या."