आयर्विन किती?

मनःशांतीच्या बाबतीत निसर्गानं सातारकरांना झुकतं माप दिलंय. जीव कातावला की सज्जनगडावर जावं, अजिंक्यताऱ्यावर जावं, तेवढाही दम नसेल तर यवतेश्वरच्या घाटात गाडी लावून कणीस खात खाली बघत बसावं. सांगलीत उंची म्हणजे गच्ची. मी जन्मानं सातारकर आणि पोटापाण्यानं सांगलीकर, म्हणून हे अधिकारवाणीनं बोलतोय.

हल्ली डॉक्टर बीपीच्या गोळीसोबत ध्यानही लिहून देतात. रोज दहा मिनिटं. मोबाइलमधली बाई मधाळ आवाजात सांगते, विचारांना येऊ द्या, जाऊ द्या. माझे येतात; जायचं नाव काढत नाहीत. मनाची समजूत घालायला समर्थांना २०५ श्लोक लागले, तेही त्याला सज्जन म्हणत, चुचकारत. ही बाई दहा मिनिटांत उरकते आणि मध्ये जाहिरातही दाखवते.

त्यापेक्षा गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) संसारी माणसाची नाडी बरोबर ओळखली होती. प्रपंच सोडू नका, नाम तेवढं सोडू नका. गावभागात राहणाऱ्या माझ्या मावससासूबाई यातलं काहीच सोडत नाहीत. जपाच्या वेळी मौन, त्यामुळे घर 'हूं'वर चालतं. आखूड 'हूं' म्हणजे गॅस बारीक कर. लांब 'हूं' म्हणजे दूधवाल्याला सुट्टे दे. माळ १०८ मण्यांची. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलट फिरवायची. या फिरवण्याच्या क्षणभरात सुनेला डाळीतल्या मिठाविषयी एक सबंध वाक्य ऐकवता येतं, हा मावशींचा स्वतंत्र शोध.

पण एकाग्रता बघायची तर ऑगस्टात सांगलीला यावं. पाऊस लागला की 'कसं काय?' बंद. भेटेल तो विचारतो, "आयर्विन किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. सबंध शहराचं चित्त त्या एका आकड्यावर. ईर्ष्या, मत्सर, भाऊबंदकीचे दावे, सगळं गळून पडतं. उरतात फूट आणि इंच. वर्तमानक्षणात जगा म्हणून शिबिरांत पैसे मोजून शिकवतात. २०१९ चा महापूर पाहिलेल्या माणसाला ते दर तासाला फुकट जमतं.

अशा एका दिवशी मावशींकडे गेलो. फ्रिज विटांवरच्या पलंगावर चढलेला, गव्हाचे डबे माळ्यावर, आणि मावशी जिन्याच्या सहाव्या पायरीवर माळ घेऊन. मला बघताच मौन सुटलं.

"जावईबापू, तुमच्या लोकांना सांगा, जरा दमानं सोडा म्हणावं."

माझे लोक म्हणजे कोयना. धरण सातारा जिल्ह्यात, साठवण १०५ टीएमसी, पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून थेट सांगलीच्या दारात. दरवाजाच्या किल्ल्या आमच्या घराण्यात वंशपरंपरेनं आहेत अशी सासुरवाडीची ठाम समजूत. त्यांच्या समाधानासाठी साताऱ्याला चुलतभावाला फोन लावला. स्पीकरवर.

"अरे, सज्जनगडावर आलोय," तो ओरडला. "काय धो धो कोसळतोय! उरमोडी धरण नुसतं तुडुंब दिसतंय. मन असं शांत झालंय म्हणून सांगू!"

मावशींनी माळ थांबवली. मेरुमणी अजून लांब होता.

"त्याला म्हणावं, शांत झाला असशील तर खाली उतर आणि दरवाजे लाव."