जमतेभाऊ

आदिलाबादेत लग्न ठरलं की पहिली पत्रिका गणपतीसमोर ठेवतात, पण त्याच्याही आधी जमतेभाऊला फोन जातो. पत्रिकेवर कुठल्या हॉलचं नाव छापायचं, हे गणपती सांगत नाही.

जमतेभाऊ हे कुणाचं बारशाचं नाव नव्हे, मी सोयीसाठी ठेवलेलं आहे. हा माणूस इचोड्याला वेगळा असतो, बोथला वेगळा, उटनूरला आणखी वेगळा, तरी कुठल्याही गावच्या चहाच्या टपरीवर तो लांबूनच ओळखू येतो. पन्नाशी उलटलेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन फोन. एक मोठ्या पडद्याचा, मुलीने हौसेनं घेऊन दिलेला. दुसरा बटणांचा, आणि कामाचे सगळे नंबर त्या बटणांच्या फोनात. हा नक्की काय करतो, याबद्दल एकमत नाही. जैनथकडे शेती आहे म्हणतात, कापसाच्या अडतीवर मुनीम होता असंही म्हणतात. तो स्वतः 'सोशल वर्क' म्हणतो. काहीही अडलेलं काम घेऊन जा, तो डोळे मिटतो, मान जराशी डावीकडे कलते आणि तोंडातून एकच शब्द निघतो, 'जमते.'

हैदराबादेत नाहीतर पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आधी स्वतःच्या अकलेनं शोधून पाहतो. मोबाइलवर 'आदिलाबाद' आणि 'वेडिंग' असं लिहिलं की त्याला नागपूरची लॉन्स दिसतात, नांदेडची मंगल कार्यालयं दिसतात, हैदराबादची रिसॉर्ट दिसतात. नागपूर दोनेकशे किलोमीटर, हैदराबाद तीनेकशे. आदिलाबादच्या वाट्याला एखादा फंक्शन हॉल येतो. त्याला पाच तारे असतात आणि खाली अभिप्राय एकच, 'पार्किंग आहे.' नंबर लावावा तर तो शेजारच्या खताच्या दुकानात वाजतो. दुकानदार सज्जन असतो. 'थांबा,' म्हणतो, 'तुमाले एक नंबर देतो.' तो नंबर जमतेभाऊचा असतो.

जमतेभाऊ तुम्हाला बजेट विचारत नाही. ते त्याला यंदाच्या कापसावरून कळलेलं असतं. दिवाळीनंतर मार्केट यार्डात कुणाच्या किती गाड्या रिकाम्या झाल्या, याचा हिशेब त्याच्याकडे कापूस खरेदी करणाऱ्यांपेक्षा पक्का असतो. त्याचा पहिला प्रश्न वेगळाच.

'सोयरे कुठले?'

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं लग्न उभं राहतं. सोयरे पांढरकवड्याचे किंवा किनवटचे असतील तर मुहूर्त दिवसाचा किंवा गोरजाचा, भाजी आलू-वांग्याची, टोपी-टॉवेलचा गठ्ठा वेगळा बांधून ठेवायचा आणि व्याह्यांच्या मामाचं नाव पत्रिकेत विसरायचं नाही. निर्मल-निजामाबादचे तेलुगू सोयरे असतील तर मुहूर्त कधी रात्रीचा, कधी पहाटेचाही. बगारा भात हवा, पुलिहोरा हवा, आणि आहेराच्या पाकिटात एकशे एक घालून चालत नाही, एकशे सोळा लागतात. अंतरपाट दोघांकडेही असतो. तो दूर होताना आपण अक्षता टाकतो, तिकडे नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा गोळा ठेवतात. त्यामुळे जमतेभाऊच्या पिशवीत स्वस्तिक काढलेला एक धुवट अंतरपाट कायम असतो. दोन्ही भाषांची लग्नं त्यानं त्या एकाच फडक्याआड लावली आहेत.

सोयऱ्यांचा हा गुंता त्यानं केलेला नाही, सरकारनं केलेला आहे. 1956 साली भाषावार राज्यं झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा तालुका गेला, किनवट तालुका गेला, बोथ तालुक्यातलं इस्लापूर गेलं. आणि नांदेड जिल्ह्यातलं भैंसा-मुधोळ इकडे आलं. आत्या महाराष्ट्रात गेली, मावशी आंध्रात आली. मग 2014 मध्ये आंध्राचं तेलंगण झालं आणि 11 ऑक्टोबर 2016 ला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. 'आपल्याच जिल्ह्यातला मुलगा आहे' म्हणून दसऱ्याआधी ठरवलेली सोयरीक दसऱ्यापासून परजिल्ह्यातली झाली. जमतेभाऊनं यातलं काहीच मान्य केलेलं नाही. त्याचा जिल्हा 1956 च्या आधीचा आहे, त्यात भैंसा तेवढं नंतर जोडून घेतलंय. केरामेरी-जिवतीच्या डोंगरात जी चौदा गावं दोन्ही राज्यं आपली म्हणतात आणि जिथल्या लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डं आहेत, त्यांचं नाव निघालं की त्याचा चेहरा खुलतो. 'तिथं काम करायले मजा हाये,' तो म्हणतो.

तिथीचा प्रश्न याहून अवघड. मराठी आणि तेलुगू दोन्ही पंचांगं अमान्त, दोन्ही शालिवाहन शकाची. महिने तेच, आषाढ तोच, गुरु-शुक्राचा अस्तही तोच. त्यामुळे एकाच तारखेला दोन्ही बाजूंची लग्नं उठतात आणि गावातला एकूण एक हॉल भरतो. जमतेभाऊकडे मुंबईचं कालनिर्णयही असतं आणि तेलुगू पंचांगही. पण मुंबईच्या सूर्यास्तावर तो विश्वास ठेवत नाही. आदिलाबाद मुंबईच्या इतकं पूर्वेला आहे की इथं सूर्य वीस-बावीस मिनिटं आधी मावळतो. मुंबईची वेळ धरून गोरज मुहूर्त साधायला निघालेल्या एका पुणेकर वरपित्याला त्यानं मांडवाबाहेर नेऊन पश्चिम दिशा दाखवली होती. 'गाई केव्हाच घरी गेल्या, साहेब. आता फक्त धूळ हाये.'

तर हॉल. हॉल भाड्यानं मिळतो चोवीस तासांसाठी, आणि इथंच दोन संस्कृतींची टक्कर होते. तेलुगू पक्षाला रात्र हवी, मराठी पक्षाला दुसऱ्या दिवसाची दुपार, आणि मधल्या चार-सहा तासांवर दोघांचाही हक्क. हॉलमालक हात वर करतो. जमतेभाऊ डोळे मिटतो. 'जमते.' तो जे जमवतो ते असं: पहाटेचं लग्न लागलं की त्यांची पंगत मागच्या अंगणात न्यायची, स्टेजवरची फुलं तशीच ठेवायची, दुपारच्या पार्टीकडून फुलांचे अर्धे पैसे घेऊन पहाटेच्या पार्टीला परत द्यायचे. दोघंही खूश, फुलवाला तेवढा गप्प. एकदा या व्यवहारात स्टेजमागची थर्माकोलची नावं बदलायची राहिली. दुपारच्या नवरदेवानं निम्मं लग्न दुसऱ्याच्या नावाखाली लावून घेतलं, ते मुलीच्या आत्याच्या लक्षात आलं. जमतेभाऊनं माइक हातात घेतला, एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी वापरून आमदारांपासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांचं स्वागत केलं, आणि ते वाक्य संपेपर्यंत थर्माकोल बदललेलं होतं. वाक्य बरंच लांब होतं.

तो पैसे घेत नाही. चहासुद्धा स्वतःच्या खात्यावर पितो. आणि म्हणूनच तो महाग पडतो. कमिशन घेणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात, जनरेटरच्या डिझेलचे पैसे वेगळे का लागले म्हणून जाब विचारता येतो. फुकट राबणाऱ्याला काय विचारणार? त्यानं सांगितलेलाच मंडपवाला, त्यानं सांगितलेलीच बिछायत, त्यानं ठरवलेलाच बँड. सोफा फाटका आला तर 'वरून चादर टाकू, जमते'. कूलर मे महिन्यात गरम हवा फेकायला लागला, आणि इथला मे पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तर 'त्याच्यात पाणी नाही म्हणून. पाणी टाकलं की जमते'. पाणी मुलीच्या काकानं टाकायचं असतं.

त्याची कला पाहायची असेल तर आचाऱ्याबरोबरची बैठक पाहावी. आचारी येतो, मांडी घालतो आणि यादी सांगतो: तेलाचे डबे, बेसन, साखर, कणीक, शेंगदाणे. मुलीचा बाप लिहून घेतो आणि दर ओळीगणिक वाळत जातो. शेवटी यादी जमतेभाऊच्या हाती येते. तो ती वरपासून खालपर्यंत वाचतो, खिशातून पेन काढतो आणि तेलाचा एक डबा कापतो. कितीही पानांचं जेवण असो, कुठलाही आचारी असो, एक डबा कापला जातोच. आचारी छातीवर हात ठेवून म्हणतो, 'भाऊ, कमी पडन.' जमतेभाऊ म्हणतो, 'तू तळणारा हायेस का पोहणारा?' बैठकीत हशा. बापाच्या डोळ्यांत कृतज्ञता.

लग्नाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, पंगत ऐन भरात असताना, पुऱ्यांची कढई आटते. धावाधाव होते. आणि तेव्हा जमतेभाऊ स्वतः मोटारसायकलला किक मारतो, ओळखीच्या किराणा दुकानदाराला जेवणावरून उठवतो आणि मांडीवर तेलाचा डबा धरून परततो. सगळा मांडव त्याच्याकडे पाहत असतो. 'हा माणूस नसता तर?' बायका एकमेकींना विचारतात. हा माणूस नसता तर तो डबा सकाळपासूनच तिथं असता, हे आचाऱ्याला ठाऊक असतं. पण पुढचं लग्नही त्याला जमतेभाऊकडूनच मिळायचं असतं.

जेवणातला दोन्ही पक्षांचा तह मात्र त्यानं मनापासून घडवलेला आहे, आणि तेवढ्यापुरता मी त्याला मानतो. पानात डावीकडे अंबाडीची गोंगुरा चटणी, उजवीकडे आलू-वांगे, मध्ये वरण-भात आणि शेवटी बगारा. नांदेडचे पाहुणे बगारा भाताला मसालेभात समजून खातात, करीमनगरचे आलू-वांग्याला कुरा म्हणून, आणि दोघंही मठ्ठा पुन्हा मागतात.

मोबदला तो दुसऱ्या मार्गानं घेतो. पत्रिकेत 'स्वागतोत्सुक'च्या यादीत त्याचं नाव हवं, नातेवाइकांच्या वर नको, पण मित्रमंडळींत हरवलेलंही नको. मंगलाष्टकांआधी फेटा बांधून सत्कार हवा. आणि फोटोत तो हवाच. तेलंगण सरकारनं 2 ऑक्टोबर 2014 ला कल्याणलक्ष्मी योजना सुरू केली, तेव्हा मुलीच्या लग्नाला 51 हजार मिळत. 2018 पासून 1,00,116 रुपये मिळू लागले. मुलगी इथली हवी, अठरा वर्षं पूर्ण हवीत. नवरा पैनगंगेपलीकडचा असला तरी मुलगी अलीकडची आहे ना, ते जमतेभाऊ आधी पाहतो. शेवटचे एकशे सोळा पाहून तो दरवेळी म्हणतो, 'लाख सरकारचे, वरचा आहेर मुख्यमंत्र्यांचा.' अर्जासोबत पत्रिका आणि लग्नाचा फोटो लागतो, आणि ते कागद मीसेवा केंद्रात तोच नेतो. फोटोही तोच निवडतो. त्यामुळे मंडल कार्यालयातल्या फायलींमध्ये नवरा-नवरी दर फायलीत वेगळी आणि मागे फेटा बांधलेला एक गृहस्थ सगळीकडे तोच, असं दृश्य आहे. नव्यानं बदलून आलेल्या एका कारकुनानं हा गृहस्थ मुलीचा बाप की काय म्हणून चौकशी सुरू केली होती, असं सांगतात. चौकशीच्या अखेरीस कारकुनाच्या भाचीचं लग्न जमलं.

या जिल्ह्यात एकाच जागी मी त्याला गप्प बसलेलं पाहिलं. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात, त्यानं पूजा होते, आणि कुळात नव्यानं आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात. पांढऱ्या वस्त्रातल्या सुना, त्यांना पुढे नेणाऱ्या ज्येष्ठ बायका, कोणी कुठं बसायचं, कोणत्या घरानं कोणतं काम करायचं, सगळं पिढ्यानपिढ्या ठरलेलं. ना हॉल, ना माइकवरून स्वागत. जमतेभाऊ एका झाडाखाली उभा राहून बराच वेळ पाहत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. परतताना एवढंच म्हणाला, 'यांना मानूस लागत नाही बाप्पा.'

तशी हल्ली शहरातही त्याच्याशिवाय लग्नं होतात. मावळा भागातल्या एका घरानं सगळं नागपूरच्या इव्हेंटवाल्यांकडे सोपवलं. फुलं वेळेवर, जेवण वेळेवर, वीज गेली नाही, तेल संपलं नाही. जमतेभाऊ पाहुणा म्हणून गेला, मागच्या रांगेत बसला, जेवला आणि आहेर देऊन निघाला. दुसऱ्या दिवशी गावात त्या लग्नाबद्दल बोलायला कोणाकडे काहीच नव्हतं. नावं ठेवायलाच जागा नाही, तर चर्चा कसली करणार? यजमान बिचारे आठवडाभर लोकांना विचारत होते, 'लग्न बरं झालं ना?' आणि लोक 'हो, हो' म्हणून विषय कापसावर नेत होते.

यंदा खुद्द जमतेभाऊच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगी हैदराबादेत नोकरीला, नवरा वारंगलचा, लग्न शहराबाहेरच्या रिसॉर्टमध्ये. हॉल, जेवण, फुलं, फोटो, सगळं तिनंच मोबाइलवरून ठरवलं आणि बापाला निरोप पाठवला, 'पप्पा, तुम्ही फक्त या.' मोठ्या पडद्याच्या फोनवर तो निरोप त्यानं सगळ्यांना दाखवला. 'पोरगी हुशार हाये,' म्हणाला. चहा थंड झाला तरी तो फोन खाली ठेवेना.

मग त्यानं बटणांचा फोन काढला. रिसॉर्टच्या मॅनेजरचा नंबर त्यानं कुठून मिळवला, हे विचारण्यात अर्थ नाही. तेलुगूतून सुरुवात झाली, जनरेटरच्या डिझेलवर दखनीत आली, आणि अचानक जमतेभाऊ मराठीत ओरडला, 'अरे, तू इचोड्याचा काय?' मॅनेजरच्या मोठ्या बहिणीचं लग्न जमतेभाऊनंच लावलं होतं. मॅनेजरला अंतरपाटसुद्धा आठवत होता. पुढची दहा मिनिटं टपरीवर कोणी बोललं नाही. सगळे ऐकत होते. डिझेल माफ झालं, सजावटीत पडदे वाढले, वऱ्हाडासाठी दोन खोल्या जास्तीच्या मिळाल्या. जमतेभाऊची मान डावीकडे कलली होती. फोन ठेवता ठेवता त्याला आठवलं.

'आन त्या आचाऱ्याची यादी धाडून दे बरं मले. एक डबा तरी जास्तच लिहिला असन त्यानं.'