हुकावरचं बिऱ्हाड

आमच्या हॉलच्या छताला एकच हूक आहे. बिल्डरने तो पंख्यासाठी ठेवला होता. जवळजवळ अडीच वर्षं त्याला आमचे चिरंजीव लटकलेले होते.

माळीवाड्यातल्या जुन्या भाड्याच्या घरात असली पंचाईत नव्हती. तिथं तुळईला चार कड्या होत्या. एकीला पाळणा, दुसरीला झोपाळा, तिसरीला मांजरापासून दूध वाचवणारं शिंकं, आणि चौथी कशासाठी ते कुणी सांगत नसे, पण नवी सून आली की सगळ्यांचं लक्ष त्या चौथीकडे जायचं. सावेडीतल्या फ्लॅटला तुळई नाही, स्लॅब आहे. आणि स्लॅबला ड्रिल लावलं की वरच्या मजल्यावरचे काका बनियनवर खाली येतात. तेव्हा बारशाच्या दिवशी आईने छताकडे बघितलं, पंख्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "तो उतरव." डिसेंबर होता. नगरच्या थंडीत पंख्याची आठवण कोण काढतो? पंखा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर गेला, आईच्या जुन्या नऊवारीची झोळी हुकावर चढली, आणि ती जन्माची तिथली झाली.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. पाहुणे आले की घाम पुसत सवयीने वर बघायचे, आणि पंख्याच्या तीन पात्यांऐवजी त्यांना साडीतून बाहेर आलेले दोन तळपाय दिसायचे. "बाळ मोठं झालं हो," असं म्हणून ते लवकर उठायचे. ही एक सोय होती, हे नाकारत नाही. पण तिसरा एप्रिल लागला, पारा चाळिशी ओलांडून गेला, आणि बायकोने जाहीर केलं, "आता एक तर पंखा, नाही तर मी."

म्हणजे पोराला झोळीतून पलंगावर कधी आणायचं, हा बालसंगोपनाचा प्रश्न आमच्या घरी मुळात उकाड्याचा प्रश्न होता. बाहेर मात्र आम्ही तसं कुणाला कळू दिलं नाही.

आता झोळीचं प्रशासन कसं होतं ते सांगायला हवं. झोळीची दोरी आबांकडे. आबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून सुटली ती आमच्या नगरला आली, ही गोष्ट आबा अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, तिकिटं यांनीच फाडली. तेव्हा ते जन्मलेही नव्हते. पण दोरी ओढणं ही कला त्यांच्या हातात आहे यात वाद नाही. जेवण झालं की ते दिवाणावर आडवे व्हायचे, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचे, दोनदा ओढायचे, टिंग टिंग, आणि गाडी सुटायची. कुर्रर्र, कुर्रर्र. हूक करकरायचा, पोर झोपायचं, पोराच्या आधी आबा झोपायचे. झोपेतही अंगठा हलायचा. तीस वर्षं घाटात उभ्याने डुलक्या काढलेल्या माणसाला हे अवघड नसावं.

झोळीची लांबी हे आईचं खातं. एके काळी सरकारने गावोगावच्या भिंतींवर पाळणा लांबवायचा सल्ला रंगवला होता. आईने तो उशिरा, पण शब्दशः मानला. पोर वाढलं की ती गाठ सोडायची आणि साडी वीतभर खाली घ्यायची. असं करत करत दुसऱ्या वाढदिवसापर्यंत झोळीचं बूड फरशीला टेकायला आलं. झोका घेताना मधोमध ती फरशी पुसत जायची. बायको म्हणाली, निदान तेवढा तरी उपयोग.

मी पुस्तकी माणूस. म्हटलं, काहीतरी शास्त्रीय माप असेल. न्यू जर्सीतल्या ताईला फोन लावला. तिने सांगितलं की तिकडच्या बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा ठरलेला आहे: पोर ३५ इंच, म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर उंच झालं की क्रिब बंद. कारण कठडा पोराच्या छातीखाली येतो, पोर वाकून बघतं, आणि या वयात डोकंच जड असल्यामुळे वरचा भाग खालच्याला घेऊन पलीकडे जातो. कठडा खालीवर सरकणाऱ्या क्रिब तर तिथं २०११ सालापासून विकायलाच बंदी आहे. मी हे सगळं कागदावर लिहून घेतलं. "पण तुमच्या झोळीला कठडा कुठाय?" ताईने शेवटी विचारलं. मी म्हटलं, आधी उंची तर मोजू.

उंची मोजली. बायकोने मोजली ती ३६ इंच भरली. आईने मोजली ती ३३. बायकोने केसांच्या शेंडीपासून धरली होती आणि आईने पोराला गुडघ्यात वाकवून, "उभा राहा रे राजा" म्हणत. आबांनी टेपकडे बघितलंही नाही. "आमच्यात पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही," एवढंच म्हणाले.

मग मुहूर्त. "पाळणा काढायचा तर दिवस बघायला नको का?" आई म्हणाली. गुढीपाडव्याला पोराला सर्दी होती. पुढच्या सोमवारी दाढ येत होती. नंतर अमावास्या. अमावास्येनंतर तीन दिवसांवर अक्षय्य तृतीया होती, साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त, त्याला नाही म्हणायची सोय नाही, म्हणून आईने दुसरं शस्त्र काढलं. "अक्षय्य तृतीयेला केलेलं अक्षय्य होतं म्हणतात. त्या दिवशी पोर पलंगावरून पडलं तर?" यावर धर्मशास्त्रात काय उत्तर आहे मला माहीत नाही. जिल्ह्याचं नाव बदलायला शासनाला २०२४ मध्ये एक अधिसूचना पुरली. एक साडी सोडायला आमच्या घरात कोरम होत नव्हता. (नावाचं म्हणाल तर आबा अजूनही "नगर, नगर, नगर" असंच तीनदा म्हणतात. अहिल्यादेवींबद्दल त्यांना अपार आदर आहे, त्यांचं चोंडी आमच्याच जिल्ह्यातलं. पण त्यांच्या म्हणण्यानुसार 'अहिल्यानगर' तीनदा म्हणेपर्यंत गाडी सुटते.)

या दिवसांत एकदा आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी झोळीकडे बघत थांबल्या. त्या पाथर्डीकडच्या. लग्नानंतर सात हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. म्हणाल्या, "आमची झोळी बाभळीला. फडात ऊस तोडायचा, मध्येच येऊन एक झोका द्यायचा, परत कोयता घ्यायचा." मी विचारलं, मग पोराला झोळीतून कधी काढलंत? त्यांना प्रश्नच कळला नाही. "कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की झोळी सुटायची," त्या म्हणाल्या, "पुढल्या हंगामाला दुसरं पोर असायचं तिच्यात." आणि भांड्यांकडे वळल्या. मी माझा ३५ इंचांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

शेवटी निर्णय झाला तो आमच्यापैकी कुणी घेतला नाही. एप्रिलातली दुपार. आबांचा अंगठा चालू, झोळी कुर्रर्र कुर्रर्र. आई आणि बायको स्वयंपाकघरात कुरडयांचा चीक हलवत होत्या. मागून कुणीतरी पदर ओढला. बघतात तर चिरंजीव उभे. "चीक," ते म्हणाले. झोळी जमिनीला टेकली होती, तेव्हा उतरण्याचा प्रश्नच नव्हता. ते थांब्यावर उतरावं तसे सरळ चालत बाहेर आले होते. आईच्या हातातला उलथना तसाच राहिला. कारण हॉलमधून आवाज अजून येत होता. कुर्रर्र. कुर्रर्र. आबा गाढ झोपले होते आणि रिकामा पाळणा हलत होता.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्या घरातलं पहिलं कलम. त्यासाठी लहानपणी मी मार खाल्लेला आहे. आई धावत गेली, तिने झोका धरला आणि आबांना हलवून उठवलं. आबांनी डोळेही न उघडता विचारलं, "कोण ऱ्हायलं का मागं?"

त्याच संध्याकाळी, ना मुहूर्त ना इंच, आईने स्वतः गाठ सोडली. आपल्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत कैदेत होते, म्हणजे आमचे चिरंजीव झोळीत होते जवळपास तेवढाच काळ. त्यांनी तेवढ्यात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. यांनी नऊवारीला दोन भोकं पाडली. पण खंदक ओलांडून बाहेर यायचं म्हणाल तर आमच्याने ते करून दाखवलं.

आता पलंग. दोन्हीकडून आईबाप आणि मध्ये पोर, अशी साधी रचना. पहिल्या रात्री कळलं की झोळीत गोळा होऊन झोपणारं पोर सपाटीवर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. बाराला डोकं उशीवर होतं, तीनला माझ्या बरगडीत, सहाला त्याचे पाय बायकोच्या नाकावर आणि मी पलंगाच्या कडेला एका अंगावर, खिडकीची सीट न मिळालेल्या प्रवाशासारखा. दुसऱ्या रात्री मीच पडलो. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीच्या बाजूला घातलं, तर पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत त्याचा हात अडकला, आणि तो काढताना वरचे काका बनियनवर खाली आले.

मग तटबंदी. उशा, लोड, गोधड्यांच्या वळकट्या, पाहुण्यांच्या गाद्या. १५९६ साली मोगलांनी सुरुंग लावून किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडलं आणि चांदबीबीने ते रातोरात बुजवून घेतलं, हे आम्ही नगरची मुलं चौथीपासून ऐकत आलो. ती एकच रात्र होती. आमच्या घरात खिंडार रोज रात्री दोन वाजता पडायचं. लोड धप्पकन खाली, पाठोपाठ उशी, आणि बायको अर्धवट झोपेत उठून ते परत रचायची. बरं, शहजादा मुराद निदान बाहेरून हल्ला करत होता. आमचा आत होता.

सोडवणूक केली ती सासऱ्यांनी. ते घोडेगावचे, कांद्याच्या पट्टीसाठी नगरला आले होते, रात्री मुक्कामाला राहिले. आमची तटबंदी त्यांनी चहा पीत बराच वेळ बघितली. घोडेगावाहूनच शिंगणापूरचा फाटा फुटतो. "आमच्या शेजारी शिंगणापुरात घरांना चौकट आहे, दार नाही," ते म्हणाले. "२०११ साली युको बँकेनं शाखा काढली, तीसुद्धा बिनकुलपाची. तुम्ही एका पोरासाठी एवढा किल्ला बांधलाय?" मी म्हटलं, तिथं शनिदेव बघतात, इथं कोण बघणार? "आरं पण खाली झोपवा की त्याला," ते म्हणाले. "जमिनीवरून कोणी खाली पडलंय का आजवर?"

इतकं सोपं उत्तर ऐकून शिकलेल्या माणसाला जो राग येतो, तो मला आला. त्याच रात्री हॉलमध्ये आबांच्या दिवाणाला लागून जमिनीवर गादी पडली, वर आईची गोधडी. पोराने गादीवरून फरशीवर, फरशीवरून परत गादीवर असे दोन फेरे घेतले, फरशी गार लागली तिथं गाल टेकवला आणि झोपलं. ताईला कळवलं. ती म्हणाली, आमच्याकडे ह्याला फ्लोअर बेड म्हणतात, महाग असतो.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने कपाटावरचा पंखा उतरवला. वर्तमानपत्रात एक पालीचं अंडं निघालं. हुकाकडे बघून त्याने विचारलं, "एवढा गुळगुळीत कसा झाला हो?" कुणी काही बोललं नाही. बटण दाबलं, पंखा फिरला, सगळं घर माना वर करून उभं राहिलं, बायकोने डोळे मिटून घेतले. चिरंजीवांनी मात्र भोकाड पसरलं. बरोबरच आहे. परवापर्यंत आपण जिथं राहत होतो ते घर गरगर फिरताना बघून कोण हसेल?

रात्री अडचण आली. गादी होती, गोधडी होती, पंखा होता, पोर झोपेना. "दोली," ते म्हणालं. झोळी नको होती, दोरी हवी होती. आईने ती साडीच्या घडीत जपून ठेवली होती, ती काढून दिली. थोड्या वेळाने हॉलमधला आवाज थांबला म्हणून मी डोकावलो.

आबा दिवाणावर आडवे, डोळे मिटलेले, दोरीचं एक टोक नेहमीसारखं अंगठ्याला बांधलेलं. दुसरं टोक खाली गादीवर, पोराच्या मुठीत. पोर टक्क जागं होतं. त्याने दोनदा दोरी ओढली. आबांचा पाय दोनदा हलला.

"चला, पुढं सरका," आबा झोपेत म्हणाले.