तळ्याकाठी घर घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका अहिल्यानगर जिल्ह्यात जलाशयाच्या काठी दुसरं घर घेऊ इच्छिणाऱ्या सर्व सुजाण नागरिकांसाठी आहे. हा सुजाण नागरिक कोथरूडला राहतो, बँकेतून निवृत्त झाला आहे, गुडघ्याला पट्टा बांधून कळसूबाई चढून आला आहे आणि उतरल्यावर चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याच्या हातात 'लेक व्ह्यू प्लॉट'चं रंगीत पत्रक ठेवलं आहे, असं गृहीत धरलं आहे. त्याचं आमच्या थोरल्या साडूंशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजू नये.

लेखकाची पात्रताही नोंदवून ठेवतो. मी श्रीरामपूर तालुक्यात ऊस करतो. भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी रंधा धबधब्यावरून उडी मारून निळवंड्यात येतं, तिथून अकोले, संगमनेर करत ओझरच्या बंधाऱ्याला अडतं, कालव्यात शिरतं आणि चारीचारीने, बऱ्याच भांडणांनंतर, माझ्या सरीत येतं. म्हणजे साडूंना जे पाणी बाल्कनीतून बघायचं आहे, ते मला उसाच्या बुडाशी हवं आहे. पुढचा सगळा उपदेश निःपक्षपाती आहे तो या मर्यादेत.

नियम पहिला : तळं कोणाचं, ते आधी विचारावं

पत्रकात ज्याला लेक म्हटलं आहे ते धरण आहे. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नराचं नाव धरणाला मिळालं, म्हणून विल्सन डॅम. जलाशयाला साहेबांनी आर्थर लेक म्हटलं. आता त्याला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे, जे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे आणि ज्यांना इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याला फाशी दिलं. साडू अजून आर्थर लेकच म्हणतात. त्यांना ते भारदस्त वाटतं.

तर या धरणात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं आणि त्यातल्या प्रत्येक घनफुटाला आधीच मालक आहे. खालच्या तालुक्यांच्या पिण्याच्या योजना आहेत. साखर कारखाने आहेत. कालव्यांची आवर्तनं आहेत. निळवंडे आहे. शिवाय २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटप आलं, त्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला हिशोब मांडून वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं. त्यावर नगर-नाशिक एका बाजूला आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूला असे कोर्टात उभे राहतात. या रांगेत सर्वांत शेवटी, वही-पेन घेऊन, 'मला फक्त बघायचं आहे हो' म्हणत साडू उभे.

प्लॉट बघायला माणसं कधी येतात? सप्टेंबरमध्ये. धरण काठोकाठ, डोंगर हिरवे, अंब्रेला फॉल उघडलेला. एजंट गाडीची काच खाली करतो आणि काही बोलत नाही. त्या वेळी बोलायची गरजच नसते. शास्त्रशुद्ध पद्धत अशी की प्लॉट मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी एक वाजता पाहावा. तेव्हा घर असतं तिथेच असतं, तळं मात्र खाली आमच्याकडे आलेलं असतं. उरतो तो लांबच लांब भेगाळलेला तांबूस उतार, मधोमध कुणाच्या तरी जुन्या बांधाची रेघ आणि दूर चकाकणारी एक पट्टी. 'हेच का ते?' असं साडूबाईंनी विचारलं तर एजंटला उत्तर द्यायला लावावं, स्वतः देऊ नये.

आणि त्या उतारावर लॉन करायचा बेत असेल तर तोही सोडावा. पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती गाळपेर जमीन. ती सरकारची असते आणि कसायला द्यायची झाली तर पहिला हक्क धरणग्रस्तांचा.

नियम दुसरा : सातबारा वाचावा, आणि वाचता येत नसेल तर रडावं

बँकेत पस्तीस वर्षं कर्जाची कागदपत्रं तपासलेला माणूस सातबारा हातात आल्यावर पहिल्यांदा क्षेत्र बघतो, मग खालचा शिक्का बघतो, आणि मग 'ऑनलाइन आहे ना, मग बरोबरच असणार' म्हणतो. साडूंनी हेच केलं. खरा मजकूर असतो 'इतर अधिकार' या रकान्यात. तिथेच बोजा, कूळ, बहिणींचे हक्क, पुनर्वसनाचे शेरे दाटीवाटीने बसलेले असतात.

भंडारदऱ्याभोवतीची गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. इथली बरीचशी जमीन आदिवासी खातेदारांच्या नावावर आहे आणि अशा जमिनीला महसूल संहितेचं कलम ३६ अ लागतं. बिगर-आदिवासी माणसाला ती विकत द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्यांनाही आधी शासनाची मान्यता घ्यावी लागते. विक्रीच नव्हे; बक्षीसपत्र, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळंच त्यात धरलेलं आहे. चुकीच्या वाटेने झालेला व्यवहार रद्द करून जमीन मूळ खातेदाराला परत देता येते. घर बांधून झालेलं असलं तरी.

इथे एजंट चहा मागवतो. मग त्याच्या पोतडीतून एकेक युक्ती निघते. नव्व्याण्णव वर्षांचा करार करू. साठेखत नोटरी करू. कुलमुखत्यारपत्र घेऊ. जमीन राहू दे त्याच्याच नावावर, घर तुमचं; आपला माणूस आहे, शब्दाचा पक्का. साडू हे सगळं मान डोलावून ऐकत होते. मी एवढंच विचारलं, 'तुमच्या बँकेत असं तारण चाललं असतं का?' त्यावर ते माझ्याशी राजूरपर्यंत बोलले नाहीत. राजूरला पेढे घेतले तेव्हा कुठे बोलले.

आदिवासी जमीन नको, साधी शेतजमीन घेतो म्हणालात, तर कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आहे : शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. साडू शेतकरी नाहीत. त्यांच्या गच्चीवर टोमॅटो येतात, पण त्याचा फेरफार निघत नाही. 'गुंठ्यावारीने घ्या' म्हणणाऱ्याला तुकडेबंदी कायदा विचारावा. आणि वरती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासूनचं, साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून मोठं. जलाशयाच्या वरच्या अंगाची बरीच गावं त्याच्या हद्दीत आहेत. तिथे खिळा ठोकायचा तरी वनखात्याला विचारून ठोकावा.

थोडक्यात, घेता येईल अशी जागा म्हणजे स्पष्ट बिगरशेती झालेली, बिगर-आदिवासी मालकाची, अभयारण्याबाहेरची, रस्ता कागदावर असलेली. अशी जागा नसतेच असं नाही. असते. तिचा भाव ऐकून साडूंनी परत कोथरूडचं कौतुक सुरू केलं.

नियम तिसरा : 'पुढच्या वर्षी' हे वर्ष कॅलेंडरात शोधू नये

रस्ता पुढच्या वर्षी, वीज पुढच्या वर्षी, नळ पुढच्या वर्षी. निळवंड्याला मंजुरी मिळाली १९७० साली. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २०२३ च्या ऑक्टोबरात. त्या काळात आमच्याकडे पाण्याची वाट बघत माणसं म्हातारी झाली, काही गेली. एजंटाचं पुढचं वर्ष या पंचांगाने मोजावं.

नियम चौथा : खिडकी

या नियमावर साडूंचं आणि माझं खरं भांडण झालं. त्यांच्या नकाशात पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच होती. सूर्यास्त दिसावा म्हणून.

घाटघर, रतनवाडी या भागात पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. दिवसाला दोनशे मिलिमीटर झाला तरी इथल्या माणसाची भुवई वर जात नाही. जुन्या घरांकडे नीट बघावं : छप्पर इतकं खाली उतरलेलं की वाकून आत जावं लागतं, भिंती कारवीच्या, वरून माती-शेणाचा लेप, आणि पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्याआधी गवताचा आडोसा बांधलेला. भोकं कमी, पडवी खोल. हे गरिबीमुळे आहे असं वाटतं, पण त्यात अक्कल आहे. जोत्याची उंची, उताराचं पाणी घरामागून वळवणारा चर, चुलीवरचा माळा जिथे लाकूडफाटा आणि बियाणं कोरडं राहतं, यातलं काहीही वास्तुविशारदाच्या नकाशात नव्हतं. नकाशात 'डेक' होता. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्या डेकवर शेवाळ बसेल, हे सांगितल्यावर साडू म्हणाले, 'मग ऑक्टोबरात घासून घेऊ.' घासायला माणूस कुठून आणणार, ते पाचव्या नियमात.

नियम पाचवा : शेजारी

गावात गेल्यावर तुम्ही 'शेठ' होता. निवृत्त कारकून असलात तरी शेठ. विरोध करू नये; सप्ताहाची वर्गणी त्या पदाप्रमाणे ठरते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस कर्णा चालू राहील. काल्याच्या पंगतीला बोलावणं येईल. जावं, खाली बसून जेवावं, आणि 'आवाज जरा कमी' हे वाक्य पुढल्या जन्मासाठी राखून ठेवावं.

उन्हाळ्यात राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाताच्या रोपांची जागा जाळतात, धूर होतो. काठावरच्या एका बंगलेवाल्याने त्यावरून पोलिसात फोन केला होता असं चहाच्या टपरीवर ऐकलं. फोनमुळे राब थांबला नाही. बंगलेवाल्याला दूध मिळायचं मात्र थांबलं.

पाऊस लागला की आवणी. तेव्हा गावात कुणीही मोकळं नसतं. इरलं पांघरून सगळं घर चिखलात वाकलेलं असतं, आणि तुमची गच्ची गळायला लागते ती नेमकी याच पंधरवड्यात. तुम्ही दुप्पट मजुरी देऊ म्हणता. ते हसतात. वर्षाचा तांदूळ गच्चीपेक्षा मोठा आहे, एवढंच त्यांना म्हणायचं असतं, पण शेठला तोंडावर कसं सांगायचं!

बिया, तांदूळ, नागली, वरई यांबद्दल ज्ञान पाजळू नये. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि पद्मश्री मिळवली. 'ऑरगॅनिक म्हणजे काय' हे समजावायला जी बाई तुम्ही निवडाल, ती त्यांच्याकडून बी घेऊन आलेली असण्याची दाट शक्यता आहे.

आता एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून. धरणाच्या काठावरच्या, पाणी डोळ्यांसमोर असलेल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बाया हंडे घेऊन उतारावर जातात, टँकरची वाट बघतात. यांच्या आज्या-पणज्यांची भातखाचरं या पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर आमचा ऊस झाला, आमचे कारखाने झाले, आमच्या पोरांची इंजिनिअरिंग कॉलेजं झाली. मला याची लाज वाटते असं म्हणणं सोपं आहे. आवर्तन दोन दिवस उशिरा आलं की पाटकऱ्याशी सगळ्यात आधी भांडतो तो मीच. पण साडू जेव्हा त्याच वाडीच्या वर बोअर घेऊन पोहण्याचा तलाव भरायचं बोलायला लागले, तेव्हा मी त्यांना गाडीतून उतरून जरा चालून या म्हणालो.

चालून आले. तलाव रद्द झाला.

यापुढचे नियम क्रमांकाविना

मोबाइलला रेंज एका वळणावर येते. तिथे आधीच चौघं उभी असतात, पाचवे तुम्ही.

जुन्या दस्तात अहमदनगर, २०२४ नंतरच्या कागदावर अहिल्यानगर आणि बोलताना सगळे नगर. तिन्ही एकच जिल्हा. वकिलाने यासाठी वेगळी फी मागितल्यास उठून यावं.

मेअखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला सादडा, बेहडा, उंबराच्या झाडांवर काजवे लखलखतात. तेव्हा पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्या रात्री स्वतःच्या घरी पोचायला तुम्हाला जितका वेळ लागेल तितक्यात मी श्रीरामपूरहून शिर्डी करून परत येतो. काजव्यांकडे बॅटरी मारणाऱ्या पाहुण्याला रात्रीचं जेवण देऊ नये.

थर्टी फर्स्टला काठावर तंबू असतात. तंबू चालवणारी पोरं गावातली आहेत, त्यांचं त्यावर पोट आहे. बाटल्या शहरातल्या माणसांच्या असतात. तक्रार करायची तर योग्य गटाची करावी.

आणि सर्वांत स्वस्त उपाय, जो एजंट कधीच सांगणार नाही : शेंडीला किंवा आसपासच्या गावात एखाद्या घरी खोली भाड्याने घ्यावी. पिठलं, तांदळाची भाकरी, मिळाला तर धरणाचा मासा. रात्री कौलांवर पाऊस. गच्ची गळली तर ती त्यांची, तुम्ही कूस बदलायची. पैसे रोख द्यावेत, घासाघीस करू नये. साडूंना हे पटलं, निदान साडूबाईंना पटलं. गेल्या पावसाळ्यात दोघं जाऊन आले, आणि आल्यावर साडूंनी मला धरण किती टक्के भरलं ते फोन करून सांगितलं. तेव्हापासून रोज सांगतात. पाणी सुटल्याची बातमी आली की मात्र त्यांचा आवाज बदलतो; कुणीतरी त्यांच्याच खात्यातून पैसे काढल्यासारखा. 'एवढं सोडायची काय गरज होती?' असं विचारतात, आणि ते पाणी ज्याच्या सरीत येतंय त्यालाच विचारतात.

हल्ली त्यांनी राहुरीच्या मुळा धरणाची चौकशी सुरू केली आहे. सव्वीस टीएमसी, म्हणजे भंडारदऱ्याच्या दुपटीहून जास्त, पुण्याहून रस्ता बरा, जमिनीची भानगड कमी असेल असा त्यांचा होरा आहे. मुळेच्या कालव्यावर नेवाशात आमच्या दोघांच्या धाकट्या मेहुण्याचा ऊस भिजतो. पुढचं मार्गदर्शन तोच करील.