ठिपके, रेघा आणि हिवरे बाजार

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल महाराष्ट्रात एकमत आहे. सकाळी फिरायला जावं, दुपारी झोपावं आणि मधल्या वेळात कोणी सापडलंच तर त्याला पेन्शनचा हिशोब ऐकवावा. या वेळापत्रकात ग्राफ थिअरी कुठेच बसत नाही. माझ्या वेळापत्रकात ती घुसली, त्याचं श्रेय (घरचे ‘दोष’ म्हणतात) भाच्याकडे जातं. तो नगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला हा विषय आहे, आणि ‘मामा बँकेत होता म्हणजे त्याला गणित येतंच’ असा माझ्या बहिणीचा जुना समज आहे. बँकेत गणित यंत्र करतं आणि माणूस शिक्के मारतो, हे नोकरीभर मी बहिणीच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं.

विषय मात्र पहिल्याच पानाला आवडला. कागदावर ठिपके काढायचे आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे त्यांच्यामध्ये रेघ ओढायची, की झाला ग्राफ. ठिपका कोण, किती शिकलेला, पगार किती, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, काही विचारायचं नाही. कोणाचं कोणाशी आहे, एवढंच. आमच्या जुन्या वाड्यातल्या काकू जिन्यात बसून लसूण सोलता सोलता जे काम वर्षानुवर्षं फुकट करत होत्या, त्यावर विद्यापीठं पदव्या देतात हे कळल्यावर त्या काकूंबद्दलचा आदर वाढला.

या शास्त्राची सुरुवात एका फेरफटक्यातून झाली. कोनिग्सबर्ग नावाचं गाव, मधून प्रेगेल नदी, नदीत बेट, आणि सगळ्यांना जोडणारे सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, हा गावकऱ्यांचा रविवारचा उद्योग. 1736 मध्ये ऑयलरने पीटर्सबर्गमध्ये बसल्या जागी उत्तर दिलं : नाही. जमिनीचे चार तुकडे म्हणजे चार ठिपके, पूल म्हणजे रेघा. एका ठिपक्याला पाच रेघा, उरलेल्यांना तीन-तीन. आत आलेल्याला बाहेर पडायला दुसरी रेघ लागते, म्हणून विषम रेघांचे ठिपके एक तर नसावेत किंवा दोनच असावेत, तेही निघण्याचा आणि पोचण्याचा. इथे चारही विषम. पायपीट न करता पायपीट व्यर्थ आहे हे सिद्ध करणारा हा गणिती मला पहिल्या भेटीतच जवळचा वाटला.

आमच्या भागातल्या पालखीला हाच नियम लागू पडतो. पालखी प्रत्येक गल्लीतून गेली पाहिजे आणि कोणत्याही गल्लीतून दोनदा जाता कामा नये, अशी सभेत मागणी होते. पण भागात बंद बोळ आहेत. बंद बोळाच्या टोकाला एकच रेघ, म्हणजे विषम. तिथून पालखीला आल्या वाटेने मागे फिरावंच लागतं. कोणत्या गल्ल्या दोनदा घेतल्या म्हणजे चाल कमीत कमी पडेल, हा प्रश्न 1960 च्या सुमारास ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने पोस्टमनसाठी मांडला आणि तो सुटलाही. आमच्या कमिटीत तो सुटत नाही, कारण ज्या बोळातून पालखी दोनदा जाते त्या बोळाचा मान वाढतो आणि बाकीचे वर्गणी रोखून धरतात. पोस्टमनला वर्गणी गोळा करावी लागत नाही.

मग डाइक्स्ट्रा आला. 1956 मध्ये हा डच तरुण होणाऱ्या बायकोबरोबर अॅमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमला, कॉफी प्यायला बसला आणि कागद-पेन्सिलीशिवाय वीस मिनिटांत दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची रीत काढून मोकळा झाला. आपल्याकडेही साड्यांच्या दुकानाबाहेर असे हजारो पुरुष बसलेले असतात. त्यांचं संशोधन चहाच्या पुढे जात नाही.

डाइक्स्ट्राच्या रीतीला एक अट आहे : कोणत्याही रस्त्याचा खर्च उणे असता कामा नये. भाच्याला हे पटेना. “रस्त्याचा खर्च उणे कसा असेल, मामा?” मी म्हटलं, “आजीच्या घरावरून गेलास की जेवण मिळतं, वर हातात शंभराची नोट मिळते. तो रस्ता उणे.” आणि अशी एखादी गोल फेरी सापडली की गणित कोसळतंच, कारण जितक्या फेऱ्या माराल तितका फायदा, मग सर्वांत स्वस्त रस्ता असा उरतच नाही. आमचा एक चुलतभाऊ लग्नसराईत याच तत्त्वावर जगतो. त्याला कोणतंही ॲप घरी पोचवू शकलेलं नाही.

ऑयलरच्या थोरवीने दडपायला झालं की मी श्रीखंडे आठवतो. शरदचंद्र शंकर श्रीखंडे, जन्म 1917, सागरचा, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. चौकटीत अक्षरं मांडायच्या एका कोड्याबद्दल ऑयलरने 1782 मध्ये ‘हे जमणार नाही’ असं भाकीत केलं होतं. 1959 मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी ते खोटं ठरवलं आणि ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. त्याच वर्षी श्रीखंडेंनी दाखवलेला एक ग्राफ आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात सोळा ठिपके, प्रत्येकाला सहा रेघा, आणि कोणतेही दोन ठिपके घ्या, त्यांचे समाईक शेजारी नेमके दोन. म्हणजे या वस्तीत कोणाचंही भांडण लागलं तरी मध्ये पडायला दोनच माणसं, ना कमी ना जास्त. आमच्या सोसायटीत हे प्रमाण फार बिघडलेलं आहे. श्रीखंडे 2020 मध्ये गेले, 102 वर्षांचे होऊन.

एवढं झाल्यावर भाच्याला प्रकल्प आला : या विषयाचा प्रत्यक्ष जगातला उपयोग दाखवा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी मोबाइलवरची मैत्री घेतली, उरलेल्यांनी पहिल्या निम्म्यांची वही घेतली. मी म्हटलं, चल हिवरे बाजारला. नगरहून अर्ध्या-पाऊण तासाची वाट.

या गावाची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. 1972 च्या दुष्काळानंतर उघडे डोंगर, आटलेल्या विहिरी, गावात दारू, माणसं मजुरीला बाहेर. 1989 मध्ये एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार सरपंच झाले. नंतर श्रमदान, रोजगार हमी, आदर्श गाव योजना, डोंगरावर सलग समतल चर, खाली नालाबांध आणि पाझर तलाव. पाऊस वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि दुष्काळात जिथे आजूबाजूला टँकर येतात तिथे या गावाचं पाणी पुरतं. पोपटरावांना 2020 सालची पद्मश्री. हे सगळं भाच्यालाही तोंडपाठ होतं. तो म्हणाला, “पण मामा, यात ग्राफ कुठाय?”

मी डोंगराकडे बोट केलं. ओहोळ ओहोळाला मिळतात, ओघळ नाल्याला, नाला ओढ्याला. प्रत्येक संगम ठिपका, प्रत्येक प्रवाह रेघ. पाणी मागे फिरत नाही, त्यामुळे फेरी तयार होत नाही, आणि डोंगरावर कुठेही पडलेल्या थेंबाला गावाबाहेर जायची एकच वाट असते. हॉर्टन नावाच्या अभ्यासकाने 1945 मध्ये आणि पुढे स्ट्रॅलर नावाच्या दुसऱ्याने प्रवाहांना दर्जा दिला. माथ्यावरचे बारके ओहोळ पहिल्या दर्जाचे. दोन पहिले भेटले की दुसरा दर्जा होतो. पण दुसऱ्याला एखादा पहिला येऊन मिळाला तर त्याचा दर्जा दुसराच राहतो. बँकेतही असंच होतं : साहेबाच्या हाताखाली कितीही कारकून आले तरी साहेब तिथेच, बढतीला बरोबरीचा दुसरा साहेब विलीन व्हावा लागतो. संख्येने सर्वांत जास्त आणि मानाने सर्वांत कमी कोण, तर पहिल्या दर्जाचे. पाणी अडवायची सुरुवात नेमकी त्यांच्यापासून करावी लागते.

“आधी खाली मोठा बंधारा का नाही बांधत? फोटोत चांगला दिसतो,” भाच्याने एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “आरं, वरून येणाऱ्याला वरच गाठावं लागतंय. आधी खाली बांधला तर दोन पावसांत गाळानं भरंल.” पुस्तकात याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात : जे काम दुसऱ्या कामावर अवलंबून, ते नंतर. पाणलोटवाले ‘माथा ते पायथा’ म्हणतात आणि परीक्षा न देता पास होतात.

असा क्रम लागायला मात्र ग्राफमध्ये चक्र असून चालत नाही. चक्र पाहायचं तर कोणतीही सरकारी कचेरी गाठावी. दाखल्यासाठी उतारा लागतो, उताऱ्यासाठी अर्ज, अर्जाला जोडायला तोच दाखला. असा क्रम लागूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. खिडकीवर ‘उद्या या’ म्हणणारा माणूस उद्धट नसतो, तो प्रमेय सांगत असतो.

शिवारात उतरलो तेव्हा भाच्याने स्वतः एक प्रमेय लावलं. शेत म्हणजे ठिपका आणि ज्यांचा बांध सामाईक त्यांच्यात रेघ. सपाट कागदावर असा कोणताही नकाशा काढा, ज्याला पाच किंवा त्याहून कमी शेजारी आहेत असा एक तरी शेतकरी निघतोच. ऑयलरच्याच सूत्रातून हे येतं. म्हणजे बांधावरून जास्तीत जास्त पाच दावे असलेला एक तरी सुखी माणूस प्रत्येक शिवारात असणारच. मी म्हटलं, अट वाच. प्रत्येकाची जमीन सलग एका तुकड्यात असेल तरच. चार भावांच्या वाटण्या झाल्या, एकाचा पट्टा विहिरीपाशी, दुसरा ओढ्याकाठी असे तुकडे पडले की प्रमेय लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या वाटण्यांपुढे ऑयलरचंही काही चालत नाही.

गावाची खरी हुशारी मला दिसली ती नियमांत. पंचसूत्री आपण भिंतीवर वाचतो आणि पुढे जातो. वहीत काढून पाहिली तर ती रेघांची यादी निघते. कुऱ्हाडबंदी म्हणजे कुऱ्हाड आणि झाड यांच्यातली रेघ पुसली. चराईबंदी म्हणजे जनावर आणि डोंगर यांच्यातली. नशाबंदी म्हणजे माणूस आणि बाटली यांच्यातली. नसबंदीची रेघ मी भाच्याला स्वतः वाचायला सांगितली. आणि श्रमदानाने माणसा-माणसांत नव्या रेघा ओढल्या. गावातला एकही ठिपका हलवला नाही. माणसं तीच, डोंगर तोच, पाऊसही तेवढाच. बाकी योजना ठिपके वाढवत बसतात : आणखी विहिरी, आणखी पंप, आणखी उद्घाटनाचे दगड.

सर्वांत अवघड रेघा दिसत नाहीत. आपल्या भागात खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड, भेगाळ थरात. वरून पाहिलं तर विहिरी सुट्या, ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर. खालून त्या भेगांनी जोडलेल्या. एकाने खोल बोअर घेऊन उपसा केला की शेजारच्यांच्या विहिरी त्याच्या नावाने उतरतात. म्हणून हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेलला बंदी घातली आणि ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला. पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो : पाऊस किती झाला, मुरला किती, प्यायला आणि जनावरांना किती, आणि उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचं. पाऊस कमी झाला तर काही पिकं घ्यायचीच नाहीत. हयातभर ताळेबंद जुळवलेला माणूस म्हणून सांगतो, कर्ज मागणाऱ्याला शिल्लक बघून नाही म्हणायला फार धैर्य लागतं, आणि इथे कर्जदारच सभेला बसून स्वतःला नाही म्हणतात.

भाच्याला प्रकल्पात बरे गुण पडले. सरांनी एकच शेरा मारला : ‘संगणकाचा वापर दिसत नाही.’

इकडे शहरात शेजारच्या सोसायटीने तीनशे फूट बोअर घेतला की आपली कमिटी साडेतीनशेचा ठराव करते, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी चारशेला जातात. या चढाओढीत जिंकतो तो फक्त बोअरवाला. तेव्हा पुढच्या सभेत यंत्र बोलवायचा विषय निघाला, तर आधी एक कागद मागून घ्या. आपल्या इमारतीचा ठिपका काढा, शेजाऱ्यांचे काढा, खालच्या पाण्याच्या रेघा ओढा आणि मगच हात वर करा. याला गणिताची पदवी लागत नाही. पावसाचा आकडा आणि शेजाऱ्याचा फोन नंबर माहीत असला की पुरे.