ढोम्याच्या कानातले खडे

माझ्या टेबलावर एक काड्यापेटी आहे. तिच्यात काड्या नाहीत. कापसावर दोन पांढरे खडे निजले आहेत, मुगाच्या डाळीपेक्षा मोठे, चिंचोक्यापेक्षा लहान. ते ढोम्याच्या कानातले. भाचा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात होता तेव्हा त्यानं ते आणून दिले. "मामा, खड्यावर वर्तुळं चढतात, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. त्यावरून वय कळतं. बारक्या पिल्लांच्या खड्यात तर दिवससुद्धा मोजता येतात." मला त्या रात्री झोप लागेना. मासा आपली रोजनिशी कानात घेऊन हिंडतो आणि आपण ती न वाचताच कालवणात सोडतो!

दुसरं वर्ष संपता संपता हा मुलगा जेवताना म्हणाला, "मी नीट देतोय." आई म्हणाली, "देशील मग. आधी पाटावर नीट बस." मग उलगडा झाला. रात्री तो मासेमारीची जाळी वाचत नसून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची, म्हणजे 'नीट'च्या 180 प्रश्नांची आणि 720 गुणांची तयारी करत होता. त्यातले निम्मे गुण जीवशास्त्राचे, त्यामुळे मासे अगदीच परके नव्हते. या परीक्षेची वरची वयोमर्यादा 2022 साली काढून टाकली, असंही तो म्हणाला. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईच्या आणि डॉक्टरकीच्या मध्ये आता फक्त बारावीचं सायन्स उभं होतं.

तो पास झाला आणि घरात हिशेबाला सुरुवात झाली. माशांची पदवी चार वर्षांची, त्यातली दोन झालेली. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि सुरुवात पहिल्या वर्षापासून. आधीच्या दोन वर्षांतलं एक पानही तिथं जमा धरत नाहीत. शेजारच्या काकांनी पडवीत सुपारी कातरत निकाल दिला, "दोन वर्षं फुकट गेली." कोकणात आंबा मोहोर गाळतो तेव्हा माणसं याच आवाजात बोलतात. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टनमधली शिक्षकी सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि 1851 मध्ये पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. त्यांच्याही शेजारी कुणीतरी सुपारी कातरत बसलं असेलच. मी काही बोललो नाही. घरात येऊन काड्यापेटी उघडली. ढोम्याचं एखादं वर्ष उपाशी गेलं तरी खडा मुकाट्यानं त्याचंही वर्तुळ घालून ठेवतो. वर्तुळ जरा अरुंद येतं, एवढंच.

पूर्वी रत्नागिरीच्या मुलाला सरकारी मेडिकलला जायचं तर घाट चढा, नाहीतर मुंबई गाठा. 2023 साली इथंच शंभर जागांचं सरकारी कॉलेज सुरू झालं, आणि भाच्याला तिथंच जागा मिळाली. आयुष्याची दिशा बदलायला त्याला रिक्षा पुरली. आईनं तरी दहीसाखर हातावर ठेवली, तो विमान पकडायला निघाल्यासारखी.

तिला खरं दुःख वेगळंच होतं. घरात दोन वर्षं फुकटचा मासळीतज्ज्ञ होता, तो गेला. मिरकरवाड्याच्या बंदरावर तो अंगठ्यानं बांगड्याचं गलफड उचलून आतले कल्ले बघायचा, लाल असले तर घ्यायचा. "हे तर मला लग्नाआधीपासून येतंय, त्याला युनिव्हर्सिटी कशाला?" असं ती म्हणे, पण पिशवी त्याच्याच हातात देई. वास मात्र बदलला नाही. तिकडे बरणीतल्या माशांना फॉर्मॅलिन, इकडे टेबलावरच्या देहाला फॉर्मॅलिन. आई अजून त्याला मागल्या दारानंच न्हाणीत पाठवते.

गेल्या रविवारी तिला जिना चढताना धाप लागली. भाचा तिच्यासमोर उकिडवा बसला. अंगठ्यानं त्यानं तिची खालची पापणी अलगद ओढली आणि आतला रंग बघितला. मी दारात उभा होतो. अंगठा तोच होता, मान तिरकी करायची लकबही तीच. आईनंही ओळखलं असावं.

"काय रे मेल्या, ताजी आहे ना?"

"जरा फिकट वाटतंय, आजी. उद्या रक्त तपासून घेऊ."

"म्हणजे शिळी!"

तो हसला, पण पापणी लगेच सोडली नाही. मग चप्पल घालून पिशवी मागितली आणि मिरकरवाड्याला जाऊन चार बांगडे घेऊन आला. कल्ले मी स्वतः उघडून बघितले. लालभडक होते.