कोंबडीचं पाणी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात टॉवर नावाचं गाव आहे. २ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथे उणे ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली. पारा उणे ३९ च्या आसपासच गोठतो, त्यामुळे ‘पारा घसरला’ म्हणायचीही सोय उरली नव्हती. याच राज्यात आमच्या सौभाग्यवतींना परसात कोंबड्या पाळायची हौस आली.

कोंबडीला थंडी फारशी बाधत नाही. तिच्या अंगात ४१ अंशांची ऊब असते. पिसं फुलवून दांडीवर बसली की उणे वीसलाही ती कुरकुरत नाही. कुरकुर असते ती पाण्यावरून. दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी तिला लागतंच; अंड्याचा पाऊण हिस्सा तर पाणीच असतो. पाणी नसलं की दाणा गळ्याखाली उतरत नाही, आणि मग अंडंही नाही. इथल्या जानेवारीत पत्र्याच्या भांड्यातलं पाणी माझा चहा संपेपर्यंत पापुद्रा धरतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दगड होतं.

पाणी गोठतं, सल्ले गोठत नाहीत. पुण्याचा मेहुणा बारा अंशांत कानटोपी-मफलर अशा जामानिम्यात व्हिडिओ कॉलवर येतो. “दाजी, पाण्यात मीठ टाका. सायन्स आहे.” सायन्स आहेच. फक्त उणे वीसला पाणी पातळ ठेवायचं तर लिटरमागे पाव किलोहून जास्त मीठ लागतं. एवढं पोटात गेलं तर कोंबडी मरेल, आणि मुरलेलीही असेल.

शेजारच्या आजोबांचं म्हणणं, पाण्यात पिंगपाँगचा चेंडू सोडा, वाऱ्याने हलत राहतो. शून्याच्या जरासं खाली चालतही असेल. उणे वीसला चेंडूच बर्फात रुतून बसला आणि आमची थोरली कोंबडी ‘हे पाप कोणाचं’ अशा नजरेने बाकीच्यांकडे बघू लागली.

आणखी एक तोडगा म्हणजे डॅनिश बिस्किटांचा निळा गोल डबा. त्याला भोक पाडून आत बल्ब बसवायचा आणि वर पाण्याचं पत्र्याचं भांडं ठेवायचं. पण आपल्या लोकांच्या घरी त्या डब्यात बिस्किटं नसतात, सुईदोरा आणि बटणं असतात, आणि तो रिकामा करायची परवानगी मिळत नाही. शिवाय घरी जोडलेली वायर, सांडणारं पाणी आणि पेंढा यांना एकत्र नांदवण्याची माझी तयारी नाही.

राहिला उबेसाठी खुराड्यात चिमट्याने टांगतात तो २५० वॅटचा लाल दिवा. त्याच्याबद्दल मात्र मला थट्टा सुचत नाही. खुराड्यात खाली कोरडा पेंढा, हवेत पिसांची धूळ. कोंबडी दचकून उडाली, चिमटा सुटला आणि दिवा खाली आला की खुराडं पेटतं. ते भिंतीला लागून असेल तर घरही.

पैसे असतील तर भांड्याखाली ठेवायची थर्मोस्टॅटवाली तापती बैठक घ्यावी. पाणी गोठायच्या बेताला आलं की ती आपली आपण चालू होते. वायर मात्र उघड्यावर चालणारी हवी, चोचीच्या टप्प्याबाहेर हवी, आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या सॉकेटला जोडलेली हवी. आमच्याकडे काळ्या रबराची दोन पसरट भांडी आहेत. एक घरात वितळतं, दुसरं कोमट पाणी घेऊन बाहेर जातं. घाई असेल तर रबराचं भांडं पालथं घालून पाय द्यायचा, बर्फाची अख्खी थाळी सुटून येते. “अहो, टाचेने दाबा, टाचेने!” असं मार्गदर्शन खिडकीतून मिळतं. अंगणात या थाळ्यांची पंगत मार्चपर्यंत उठत नाही.

रात्री खुराड्यात पाणी ठेवायचंच नाही. अंधारात कोंबडी पीत नाही, आणि बंद जागेत दमटपणा साठला की तुऱ्याला हिमदंश होऊन टोकं काळी पडतात. कॅनडात क्यूबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांतक्लेर नावाची कोंबडीची जात तयार केली, तिला तुरा जेमतेमच, म्हणून हिमदंशाची भीतीही कमी. असल्या कामाला लागणारा निवांतपणा मठातच मिळायचा, संसारात नाही.

थंड मुलखातल्या मराठी कोंबडीवाल्यांना एक विनंती. खुराड्यात लाल दिवा टांगला असेल, तर आज संध्याकाळच्या आत उतरवा. कोंबडीने तो मागितलेला नाही.